तीन मिनिटं बारा सेकंदांवरचा ‘वा!’

हे प्रकरण एका अक्षराचं आहे. बेळगावातल्या एका गिटारवादकाने शब्द नसलेल्या रॉक संगीताचा कार्यक्रम टिळकवाडीतल्या एका सभागृहात केला, मी तो रेकॉर्ड केला आणि त्याचा लाइव्ह अल्बम काढायचं ठरलं. कार्यक्रम दोन तासांचा. अल्बम व्हायला सात महिने लागले, आणि त्यातले चार महिने पहिल्या रांगेतून आलेल्या एका ‘वा!’चं काय करायचं या वादात गेले. असं रेकॉर्डिंग करायला निघालेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितो. नावं देत नाही. शहर लहान आहे, ओळखायचे ते ओळखतीलच.

वादक तिशीतला. घर वडगावात, घरात यंत्रमाग. दिवसा उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो, संध्याकाळी मुलांना गिटार शिकवतो. माझा धंदा साउंडचा, वडिलांपासूनचा. गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, लग्नं आणि अधूनमधून गाण्याच्या बैठका. रेकॉर्डिंगकडे मी उशिरा वळलो. शहापुरात दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, त्यातली एक खोली अजून स्पीकरच्या पेट्यांनी भरलेली आहे.

डोक्यातला नमुना

त्याच्या डोक्यात नमुना एकच होता. जेफ बेक या इंग्रज गिटारवादकाचा, लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात रेकॉर्ड झालेला लाइव्ह अल्बम. २००७च्या नोव्हेंबरात बेकने तिथे आठवडाभर वाजवलं आणि २००८मध्ये तो अल्बम आला. ड्रमवर व्हिनी कोलायुटा, कीबोर्डवर जेसन रिबेलो आणि बेसवर टाल विल्कनफेल्ड, तेव्हा जेमतेम विशीतली मुलगी. गायक कुणी नाही. रॉनी स्कॉट्स ही मुळात जॅझची जागा, १९५९पासूनची. माणसं टेबलांभोवती, वादकांपासून हाताच्या अंतरावर बसतात. त्यामुळे स्टेडियममध्ये केलेल्या लाइव्ह अल्बममध्ये ऐकू येते ती हजारो लोकांची गाज इथे नाही. वाजवून संपलं की टाळ्या येतात, आणि मधल्या शांततेत खोलीचा आकार कळतो.

बेक पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरत नसे. अंगठ्याने आणि बोटांनी तार छेडायची, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेवायची आणि व्हॅमी बार हाताच्या पंज्यात धरायचा. हा बार म्हणजे गिटारच्या ब्रिजला, तारा जिथे अडकवतात त्या पट्टीला, जोडलेली लोखंडी दांडी. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि स्वर खाली घसरतो, सोडली की परत वर येतो. बहुतेक रॉकवाले तिचा उपयोग विमान कोसळल्यासारखा आवाज काढायला करतात. बेक तिच्यावर धून वाजवायचा. या अल्बमच्या शेवटी ‘व्हेअर वेअर यू’ आहे, ते ऐकलं की दांडीने गाता येतं हे पटतं. बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ची त्याने इथे वाजवलेली आवृत्ती २०१०मध्ये ग्रॅमी घेऊन गेली.

पण आमच्या वादकाचा जीव जडला याच अल्बममधल्या ‘नादिया’वर. ही मूळ रचना इंग्लंडमधले संगीतकार नितीन साहनी यांची, १९९९च्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममधली, आणि गायलेली स्वाती नाटेकर यांनी. तो आवाज बेकने मुरक्या आणि मींडेसकट तारेवर उतरवला. आमच्या पोराला बारावीत असताना कुणीतरी पेन ड्राइव्हवर अल्बम दिला. फाइलींना धड नावंही नव्हती. दोन वर्षं तो ‘नादिया’ हे इंग्लंडचं रॉक समजून घोकत होता. मूळ गाणं ऐकलं तेव्हा मला म्हणाला होता, “दादा, म्हणजे मी इतके दिवस गायकी शिकत होतो की काय?” तेव्हा तो हसत होता. पुढे याच वाक्यावरून आमचं वाजलं.

बेकच्या रेकॉर्डिंगशी आमचं एक मोठं अंतर होतं, आणि ते पैशांपेक्षाही दिवसांचं होतं. आठवडाभर रोज वाजवलं की निवडीला वाव मिळतो. आमच्याकडे रात्र एकच. म्हणून आदल्या दिवशी त्याच सभागृहात रंगीत तालीम करून तीही पूर्ण रेकॉर्ड करायची असं मी ठरवलं. काही बिघडलंच तर ठिगळ लावायला कापड हवं. ठिगळ कसं लागत नाही ते पुढे येईलच.

आषाढ

सभागृह आषाढात घेतलं. आषाढात लग्नं नाहीत, त्यामुळे भाडं कमी, आणि माझं सामानही मोकळं. श्रावण उजाडला की मंडळांचे फोन सुरू होतात, मग बेळगावात भाड्याने मिक्सर मिळत नाही. तोटा सांगायची गरज नाही, बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे आणि सभागृहावर पत्रे होते.

मांडणी अशी. बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर, त्यातले चोवीस चॅनेल वेगवेगळे रेकॉर्ड. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. या हिशोबाने एक चॅनेल मिनिटाला साधारण साडेआठ मेगाबाइट खातो, म्हणजे चोवीस चॅनेल दोन तास चालले की पंचवीस गिगाबाइटच्या घरात. कार्ड साधं असेल तर चार गिगाबाइटला फाइल तुटते, ते आधी बघून ठेवा. पातळी मी मुद्दाम खाली ठेवली. साउंडचेकला माणूस जपून वाजवतो आणि लोक समोर बसले की त्याच्या अंगात येतं. तेवढी जागा वर मोकळी नसेल तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुणाला शिवता येत नाही.

श्रोत्यांसाठी दोन कंडेन्सर माइक रंगमंचाच्या कडेवर, लोकांकडे तोंड करून ठेवले. लाइव्ह अल्बमचा जीव या दोन माइकांत असतो आणि भांडणंही तिथेच होतात. गिटारच्या ॲम्प्लिफायरपासून ते सहा मीटरवर होते. आवाजाला एक मीटर कापायला तीन मिलिसेकंदांच्या आतबाहेर लागतात, म्हणजे ॲम्पसमोरच्या माइकात आलेला स्वर इथे साधारण १७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही जसेच्या तसे मिसळले की गिटार पोकळ वाटते. मिक्सिंगला मी श्रोत्यांचे ट्रॅक तेवढेच पुढे ओढले. त्यामुळे अल्बममध्ये लोकांच्या टाळ्या प्रत्यक्षापेक्षा १७ मिलिसेकंद आधी पडतात. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

गुणगुण सगळ्यांनाच छळते, तिचं थोडक्यात. वादकाची गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटाची, सिंगल कॉइल पिकअपची. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारं चुंबक आणि वेटोळं. असे पिकअप आजूबाजूच्या वायरींतली ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटी ओढून घेतात. सभागृहाचे दिव्यांचे डिमर आणि आमचा ॲम्प एकाच फेजवर होते. दिवे मंद केले की ॲम्पमधून माशी घोंगावायची. ॲम्प दुसऱ्या फेजवर घेतला, अर्थिंग तपासलं, तरी थोडी उरली. शेवटी वादकाला म्हटलं, जागेवर हळूहळू फिर. एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. त्या जागी जमिनीवर पांढऱ्या टेपने दोन पावलं आखली. फोटोंमध्ये तो सगळीकडे जरा तिरपा उभा दिसतो तो त्यामुळे. लोकांना ती स्टाइल वाटली.

ती रात्र

दोनशेच्या आसपास माणसं. कॉलेजची पोरं, उद्यमबागेतले सहकारी, क्लासच्या मुलांचे आईबाप. निवेदन मराठीत आणि कन्नडमध्ये. दीपप्रज्वलन, मान्यवर, शाल, श्रीफळ यांत पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात गिटार उतरली. या घाटाच्या गिटारचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता असतो. एक तार चढवली की बाकीच्या किंचित उतरतात, मग त्या चढवा, मग पहिली परत. सत्कार चालू असताना हा मागे अंधारात कान लावून तारा जुळवत होता आणि निवेदक त्याला पुढे बोलावत होता.

आता बेळगावच्या श्रोत्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथे ऐकणाऱ्याची जुनी सवय बैठकीची आहे. कुमार गंधर्व जवळच्या सुळेभावीचे. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांनी याच गावात राहून पिढ्या घडवल्या, त्यामुळे घराघरात पेटी आहे आणि पेटी कळणारे कान आहेत. हा श्रोता गाणं संपायची वाट बघत नाही. जागा, म्हणजे स्वरांची एखादी खास हरकत, आली की तिथल्या तिथे दाद देतो. आणि शब्द नसलेल्या रॉकबद्दल त्याला काय वाटतं? आमच्या वादकाला दर कार्यक्रमानंतर दोन प्रश्न येतात. पहिला, “छान वाजवतोस, खरं गाणं कुठलं हे?” दुसरा, “शास्त्रीय का शिकत नाहीस?” दोन्ही प्रश्नांनी तो जाम चिडतो.

पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीत एक मास्तर बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, उभा जन्म पेटीची साथ करण्यात गेलेला. रॉक ऐकायला आलेले नव्हते, नात वादकाकडे शिकते म्हणून आले. ती खुर्ची आणि डाव्या बाजूचा माझा माइक यांत चार मीटरसुद्धा अंतर नव्हतं. खुर्च्या मी मांडल्या नव्हत्या, पण माइक मीच ठेवला होता.

दुसऱ्या रचनेला पाऊस सुरू झाला. चौथीला चांगलाच वाढला. पाचवी रचना संथ, वादकाची स्वतःची. पाऊस तेव्हा जरा ओसरला होता. गिटारने एक लांब स्वर घेतला, व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू उघडत, जणू दुरून कुणी बोलावतंय. मग बार दाबून त्याने स्वर खाली नेला, आणि सोडताना सरळ न सोडता वर येताना मध्येच, रिषभ आणि कोमल गांधार यांच्या मधोमध, क्षणभर अडवला. मग वर आला.

“वा!”

रेकॉर्डिंगमध्ये हे तीन मिनिटं बारा सेकंदांवर आहे. आवाज खर्जातला, भरघोस, मनापासून आलेला.

पुढे जे झालं ते मी मिक्सरमागून बघत होतो. वादकाने मान वर केली. ठरलेल्या बांधणीप्रमाणे त्याने पुढच्या ओळीवर जायचं होतं. तो गेला नाही. तीच जागा त्याने पुन्हा घेतली, या वेळी जास्त वेळ अडवून, आणि वर न येता खाली उतरून षड्जावर ठेवली. ड्रमवाल्याचं लक्ष होतं, त्याने ब्रश झांजेवर नुसता फिरवत ठेवला. बेसवाल्याचं लक्ष नव्हतं. तो ठरल्याप्रमाणे पुढच्या कॉर्डवर निघून गेला, एक आवर्तन एकटाच पुढे राहिला आणि मग गुपचूप परत आला. त्या चार मात्रांत गिटार एकीकडे आणि बेस दुसरीकडे असा एक विचित्र, कडवट मेळ तयार झाला. मला तो आवडतो. बेसवाल्याला अजून आवडत नाही.

भांडण

पहिलं मिक्सिंग ऐकून वादकाने एकच सूचना लिहून पाठवली. “३.१२चा वा काढ.”

मी म्हटलं, बसून बोलू. तो आला. त्याचं म्हणणं मी इथे नीट मांडतो, कारण ते हलकं नव्हतं. बेकच्या त्या अल्बममध्ये कुणी स्वराच्या मध्ये बोलतं का? नाही. हेडफोन लावून ऐकणाऱ्या परक्या माणसाला हा आवाज म्हणजे रेकॉर्डिंगमधली चूक वाटेल. आणि खरं दुखणं तिसरं. तो म्हणाला, “दादा, तो एक वा ठेवलास की हा रॉकचा अल्बम राहत नाही. लोक म्हणणार, बघा, गिटारवर शास्त्रीय वाजवतोय. फ्यूजन म्हणणार. मी दहा वर्षं त्या शब्दापासून पळतोय.”

मी त्याला ‘नादिया’ची आठवण करून दिली. तो म्हणाला, “बेकला कुणी फ्यूजनवाला म्हणत नाही. मी वडगावचा, मला लगेच म्हणतील.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

माझं म्हणणं फक्त कामाचं होतं. त्या वामुळे तू जागा पुन्हा घेतलीस. वा काढला तर पुन्हा का घेतलीस ते ऐकणाऱ्याला कळणार कसं?

तो म्हणाला, काढून तर बघ.

काढायला बसलो. श्रोत्यांचे दोन माइक त्या दोन सेकंदांपुरते बंद केले तर सभागृहच नाहीसं होतं, पाऊस एकदम थांबल्यासारखा वाटतो आणि परत सुरू होतो. शिवाय वा नुसता त्या माइकांत नव्हता, ड्रमच्या डोक्यावरच्या माइकांतही उतरला होता, झांजेच्या लांबत्या नादात मिसळून. मग स्पेक्ट्रल दुरुस्ती. यात आवाजाचं चित्र पडद्यावर दिसतं आणि नको तो डाग खोडता येतो. पण ‘आ’ या स्वराची मुख्य ताकद ७०० ते १२०० हर्ट्झच्या आसपास असते, आणि गिटारच्या त्या स्वराच्या वरच्या पटी नेमक्या तिथेच होत्या. डाग खोडताना कापडाचा रंग गेला. गिटारचा स्वर त्या जागी पाण्यातून आल्यासारखा झाला. तीन रात्री घालून मी तो बऱ्यापैकी सावरला. अनोळखी माणसाला कळलं नसतं.

मग तालमीचं ठिगळ लावून पाहिलं. तालमीत ही रचना त्याने स्वच्छ वाजवली होती. पण तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं अंगावरच्या कपड्यांसकट आवाज शोषतात, रिकाम्या सभागृहात तोच स्वर कितीतरी लांबतो. दोन्ही जोडले की ऐकणारा क्षणात दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा होतो. शिवाय तालमीच्या दिवशी पाऊस नव्हता.

पावसावरून एक सांगून घेतो. पाऊस अल्बममध्ये राहिला आणि त्याने आमचे हात बांधले. दुसऱ्या रचनेपासून चौथीपर्यंत तो वाढत जातो, पाचवीला ओसरतो. रचनांचा क्रम बदलायचा म्हटलं तर पाऊस येतो, जातो, मध्येच धो धो कोसळतो. म्हणून कार्यक्रमाचा क्रम तोच अल्बमचा क्रम. सत्काराची पंचवीस मिनिटं मात्र कापली, तेव्हा पाऊस सुरूच झाला नव्हता.

शेवटी तीन आवृत्त्या केल्या. एक, वा काढलेली. दोन, वा होता तसा. तीन, वा सहा डेसिबलने खाली घेतलेला, म्हणजे ध्वनिलहरीची उंची निम्मी. तिसरी ही तडजोड म्हणून. चौघा-पाचजणांना काही न सांगता ऐकवल्या.

वा काढलेली आवृत्ती ऐकून ड्रमवाला, म्हणजे जो त्या रात्री स्वतः तिथे वाजवत होता, म्हणाला, “इथे तू विसरलास वाटतं. आणि बेस चुकलाय.” दुसऱ्या एका गिटारवाल्याने तेच सांगितलं, वाक्य फिरून आलंय, एडिटिंगची चूक आहे का? एक अक्षर खोडल्यावर दोन वादक नापास झाले. बेसवाला तर म्हणाला, ही आवृत्ती काढणार असाल तर माझं नाव घालू नका.

तिसरी सगळ्यांत वाईट निघाली. दाद निम्म्या आवाजात दिली की ती दाद राहत नाही. कुणीतरी खाकरल्यासारखं वाटतं, किंवा खुर्ची मिळाल्यावर माणूस सुस्कारा सोडतो तसं. तडजोडीचा नाद तिथेच सोडला.

वादक तरी हटला नाही. तो म्हणाला, मग ती दुसऱ्यांदा घेतलेली जागाच उडवू, सरळ पुढच्या ओळीवर जाऊ. तेही केलं. बेस आधीच पुढे गेलेला असल्याने जोड बरोबर बसत नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्या संध्याकाळची त्याची सगळ्यांत चांगली जागा, ती षड्जावर उतरणारी, त्यात जात होती. ते ऐकून तो पहिल्यांदा गप्प झाला.

मास्तर

दोन महिने फाइल तशीच पडली. गणपती आले, गेले, मी रस्त्यावर. दसऱ्यानंतर वादक म्हणाला, मास्तरांना ऐकवूया. त्याचा हेतू मला माहीत होता. मास्तर म्हणतील काढ, म्हणजे प्रश्न मिटला.

मास्तरांच्या घरी कोपऱ्यात दोन पेट्या, एकीवर घोंगडं टाकलेलं. आम्हाला कुंदा आणि चहा. मी लॅपटॉपला छोटे स्पीकर जोडले आणि दुसरी आवृत्ती लावली, वा असलेली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. तीन मिनिटं बारा सेकंद आले.

मास्तरांनी डोळे उघडले. “हा मध्येच कोण ओरडला रे?”

नात म्हणाली, “आजोबा, तुम्हीच की.”

“मी? छे.” मग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. आवाजावर ते काहीच बोलले नाहीत. बोट उचलून वादकाला विचारलं, “ही जागा कुठून आणलीस?”

वादकाने बारबद्दल सांगितलं, दांडी, स्प्रिंगा, तार सैल कशी होते ते. मास्तरांनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग उठून उघड्या पेटीशी गेले, भाता मारला, रिषभाची पट्टी दाबली, मग कोमल गांधाराची, आणि दोन्हींच्या मधल्या फटीवर नख ठेवलं. “इथे आहे ती. पेटीत हिला पट्टी नाही. मी बाकीच्या दोन दाबून लोकांना फसवत आलो.”

त्यानंतर ते जे बोलले ते आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणाले, “दुसऱ्यांदा घेतलीस ती जास्त चांगली. पहिली काढून टाक. म्हणजे तो ओरडणाराही जाईल.”

वादकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होणार नाही, बेस. मास्तरांना बेसचा घोळ समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. ते म्हणाले, “मग साथवाला चुकला म्हणा की सरळ.” साथीत जन्म गेलेल्या माणसाकडून हे ऐकून मला बेसवाल्याची दया आली.

बाहेर पडलो तेव्हा वादक काही बोलला नाही. गोवावेसच्या सर्कलपर्यंत गाडीवर मागे बसून गप्प होता. तिथे उतरताना म्हणाला, “राहू दे तो वा. खरं अटी आहेत.”

अटी आणि बाकीचं

अटी दोन. अल्बमच्या वर्णनात फ्यूजन, शास्त्रीय, राग यांपैकी एकही शब्द येणार नाही. आणि ही रचना सुटी ऐकवायची वेळ आली, तर तालमीतली स्वच्छ आवृत्ती वापरायची, वा नसलेली. दोन्ही मान्य केल्या. तालमीतली रचना वीस-पंचवीस सेकंदांनी लहान आहे, कारण तीत ती जागा एकदाच आहे.

‘नादिया’ त्या रात्री वाजवलं होतं आणि सुरेख झालं होतं, पण अल्बममध्ये नाही. दुसऱ्याच्या रचनेची आपली आवृत्ती काढायला भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी लागतं. मूळ रेकॉर्डिंगला पाच कॅलेंडर वर्षं व्हायला हवीत, ती अट पुरी होत होती. पण दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशोबाने रॉयल्टी मोजावी लागते, आणि मूळ मालकाची संमती नसेल तर रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही. आमचं ‘नादिया’ निम्मं त्याचं स्वतःचं होतं. कार्यक्रमात वाजवणं ही एक गोष्ट, विकायला काढणं दुसरी. सोडून दिलं. आठ रचना झाल्या असत्या, सात राहिल्या.

एक रचना गुणगुणीमुळे जाणार होती. तिच्यात तो टेपवरच्या पावलांवरून हलला होता. ती ठेवली, शांत जागी ५०, १०० आणि १५० हर्ट्झला बारीक खाचा मारून. कान देऊन ऐकलं तर कळतं.

कोणी असं काम हाती घेणार असेल तर माझ्या दोन चुका सांगतो. श्रोत्यांचा माइक पहिल्या रांगेच्या इतक्या जवळ ठेवायला नको होता. थोडा उंचावर, दूर ठेवला असता तर वा सभागृहाचा झाला असता, एका माणसाचा राहिला नसता, आणि बहुधा भांडणच झालं नसतं. दुसरी चूक, दाद मध्येच येऊ शकते हे मी वादकांना आधी सांगितलं नव्हतं. बैठकींना मी वीस वर्षं माइक लावतोय, मला माहीत असायला हवं होतं. बेसवाल्याला नुसतं “त्याच्याकडे बघत राहा” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

श्रेयनामावलीत मास्तरांचं नाव घालावं असं मी सुचवलं होतं. मास्तर नको म्हणाले, वादकही नको म्हणाला. कारणं वेगळी होती.

अल्बम निघाल्यावर महिन्याभराने त्यांचा निपाणीला कार्यक्रम होता, उघड्यावर, साउंड माझाच. पाचवी रचना आली. समोर पोरं मोबाइल वर धरून उभी, कुणी वा म्हणायची शक्यता नव्हती. वादकाने स्वर उघडला, खाली नेला, रिषभ आणि गांधाराच्या मध्ये अडवला, वर आणला. समोरून काहीच आलं नाही.

त्याने मान वर केली आणि जागा पुन्हा घेतली. बेसवाला थांबला होता.